रडेल त्याला मुंबई

घाग सरांनी आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही, असं त्यांच्या तेराव्याला तीन माणसं म्हणाली. तिघांपैकी एकही त्यांच्या वर्गात बसलेलं नव्हतं. मी अकरा वर्षं त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये काढली आणि त्यांच्याच शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे पानावर बसून लाडू खाताना गप्प राहणं मला जड गेलं. पण राहिले. जिवंतपणी त्यांना जे बोलले होते तेच जास्त झालं होतं.

अलोऱ्याची कॉलनी कोयनेच्या प्रकल्पाची. चिपळूणहून कराडला जाताना घाट लागायच्या आधी. निम्मी माणसं देशावरची, पाटण-कराडकडची. निम्मी आमच्यासारखी खालची, कोकणातली. मी मूळची केळशीची, नवरा मुंबईत नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला भेटणारा. हमरस्त्याच्या एका बाजूला उभं राहिलं की घाट चढून पुण्याला जाणारी एसटी मिळायची, दुसऱ्या बाजूला उभं राहिलं की चिपळूणमार्गे मुंबईला जाणारी. दहावीचा निकाल लागला की पोराला रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभं करायचं, हा प्रत्येक घरातला प्रश्न. शिक्षण तिकडे, मग नोकरी तिकडे, मग लग्न तिकडे. आयुष्यभराचं गाव एकाच जूनमध्ये ठरायचं. आणि ते ठरवायला आईबाप पोराला घेऊन घाग सरांच्या अंगणात यायचे.

सर दिसायला निरुपद्रवी. ठेंगणे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा, खिशात खडूचे तुकडे. गणित शिकवायचे. संध्याकाळी पडवीत खुर्ची टाकून ब्लेडने पेन्सिली तासत बसायचे आणि कोण कुठून येतंय-जातंय ते बघायचे. माणसाचं दुखरं कुठे आहे ते त्यांना बघताक्षणी कळायचं. डॉक्टरला कळतं तसंच, पण डॉक्टर तिथे दाबून विचारतो, हे नुसतेच दाबायचे. मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी फळ्यावर सुविचार लिहिला. सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "अक्षर छान आहे हो बाई. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं त्यांचं असतं." त्यानंतर वर्षभर माझं फळ्यावरचं अक्षर वाकडं येत होतं.

शहरांच्या बाबतीत त्यांचा अधिकार कुठून आला, तर तरुणपणी ते आठ महिने मुंबईत आणि सव्वा वर्ष पुण्यात राहून परत आले होते. का गेले, का आले, ते कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "दोन्ही शहरांनी मला चावून बघितलान आणि थुंकून टाकलान. दोन्हींचे दात मला आतून माहीत आहेत." एरवी ते पुस्तकातलं मराठी बोलत. माणूस सोलायला घेतला की बोली चिपळूणची व्हायची, आणि 'केलान', 'दिलान' सुरू झालं की समोरच्याने समजावं.

त्यांचं म्हणणं असं, की पुण्यात माणसं बोलून मारतात आणि मुंबईत न बोलता. पुण्यात टिकायला अपमान गिळता आला पाहिजे. मुंबईत गिळला काय नि ओकला काय, बघायला कुणाला वेळ आहे. तेव्हा पोराला अपमान पचतो का, एवढंच तपासायचं.

तपासायची रीत ठरलेली. पोराला अंगणात उभं करायचं, आईबाप पायरीवर. एकोणतिसाचा पाढा म्हणायला लावायचा. सर पेन्सिल तासत असायचे. पोर एकशे पंचेचाळीस, एकशे चौऱ्याहत्तरपर्यंत आलं, जरा धीट झालं, की मान वर न करता सर बोलायचे. एकच वाक्य, पण पोराच्या नेमकं वर्मी लागणारं. पोर रडलं तर मुंबई. गिळून पाढा पुढे म्हटला तर पुणे. उलट बोललं तर, "ह्याला घरीच ठेवा, हा कुठेही गेला तरी मार खाईल." आणखी एक नियम होता. ज्या पोराने तोंडाने शहराचं नाव घेतलं, 'सर, मला पुण्याला जायचंय' म्हटलं, त्याला हटकून दुसरं शहर. त्यामुळे मागण्याची कुणाची टाप नव्हती.

शिंद्यांच्या सुरेशची परीक्षा माझ्या डोळ्यांसमोर झाली. शिंदे क्रेनवर होते, पाटणकडचे. पाच मुलींच्या पाठीवर नवसाचा मुलगा. शिंदे म्हणाले, "सर, पुन्यात माझा भाव हाय, तिथंच टाकावं म्हंतो. तरी तुमी बगा." सुरेशने पाढा सुरू केला. अंगाने किरकोळ, एक पाय किंचित आखूड. एकशे चौऱ्याहत्तरला सर म्हणाले, "पाच पोरी फुकट दिल्यान देवानं, आणि हा एक नवस फेडून घेतलान तो तुटका."

सुरेशच्या बहिणी फाटकात उभ्या होत्या. त्यातली थोरली खाली बघायला लागली. सुरेश हुंदके द्यायला लागला, पाढा तिथेच राहिला. सरांनी पेन्सिलीवर फुंकर मारली. "मुंबई," म्हणाले.

शिंद्यांचं मुंबईत काळं कुत्रं नव्हतं. आमच्या खालच्या लोकांचं तसं नाही. प्रत्येक गावाची लालबाग-परळकडे एक खोली असते, गावच्या मंडळाची. गावचा कुणीही बाप्या गेला की त्याला तिथे ट्रंक ठेवायला जागा आणि खिळ्याला सदरा टांगायला हक्क. गिरण्या बंद पडल्यावर निम्मी माणसं गावी परतली होती आणि खोल्या रिकाम्या होत होत्या. सरांनी आपल्या गावच्या खोलीला चिठ्ठी लिहून एका घाटावरच्या पोराची सोय लावली. असं आजवर कुणी केलं नव्हतं. त्यावरून मंडळात भांडणं झाली, ती सरांनी अंगावर घेतली. सुरेशचं मुंबईत चांगलं झालं. हे मला सांगणं भाग आहे, कारण सरांचं सहसा बरोबर यायचं. चुकले असते तर लोकांनी चार वर्षांत येणं बंद केलं असतं.

त्यांना एकच मुलगी, नंदा. ती सातवीत असताना तिची आई गेली. बरेच दिवस आजारी होती, चिपळूणच्या दवाखान्यात. नंदाचा त्या सकाळी स्कॉलरशिपचा गणिताचा पेपर होता. सरांना पहाटेच निरोप आला होता की आता काही खरं नाही. त्यांनी नंदाला उठवलं, डबा दिला, आणि 'आई बरी आहे, पेपर लिहून ये' असं सांगून पाठवलं. हे मला माहीत आहे, कारण निरोप माझ्याच दारावरून गेला. नंदा परत आली तेव्हा अंगणात माणसं होती. तिला शंभरापैकी सत्त्याण्णव मिळाले. त्या मार्कांबद्दल बापलेकीत कधी शब्द झाला नाही, निदान माझ्या कानांवर आला नाही. भिंत पातळ होती, येण्यासारखा असता तर आला असता.

त्यानंतर ती माझ्या स्वयंपाकघरात वाढली म्हटलं तरी चालेल. पोर हुशार, आणि बापासारखीच तिला माणसं दिसायची. फक्त ती दाबायची नाही. सरांच्या परीक्षेतली गोम तिनेच पहिल्यांदा हेरली. आठवीत होती. म्हणाली, "बाई, रडलं की मुंबई मिळते ना? मग ज्याला मुंबई हवी त्यानं रडावं की."

मला तेव्हा हसू आलं होतं. पुढल्या जूनपासून दहावीची पोरं माझ्याकडे 'निबंध दाखवायला' म्हणून यायची आणि नंदा त्यांना रडायला शिकवायची. ट्यूबलाइटकडे डोळे न मिटता बघायचं, एकशे पंचेचाळीसला श्वास धरायचा, सर बोलले की एकदम सोडायचा. मी एका पोराच्या रुमालाला कांदा चोळून दिला. पुण्याला जायचं असेल त्यांनी दात दाबून, आत जीभ चावून धरायची. दोन वर्षांत कॉलनीतल्या समस्त पोरांना हे माहीत झालं. ज्यांना जिकडे जायचं होतं ती तिकडे गेली. सर आपले तासताहेत पेन्सिली आणि उच्चारताहेत निकाल. मला त्यात एक आसुरी आनंद व्हायचा, तो का नाकारू? फळ्यावरच्या अक्षराचं मी विसरले नव्हते.

मग नंदाची दहावी झाली. शाळेत पहिली आली. डिप्लोमाला दोन्हीकडे नंबर लागला, पुण्याला आणि मुंबईला. पुण्यात हॉस्टेल. मुंबईत मुलुंडला तिची धाकटी मावशी, आईच्या पाठची. ती एकदा गणपतीत आली होती, तेव्हा दारातून तिने हाक मारली आणि नंदाच्या हातातलं तबक खाली पडलं. आवाज हुबेहूब आईचा. मावशी म्हणाली होती, ये माझ्याकडे, एक पलंग रिकामाच आहे. नंदाला तो पलंग हवा होता. त्या घरात आईविषयी बोलता आलं असतं. इथे तीन वर्षांत सरांनी आईचं नाव काढलं नव्हतं. बापाला सरळ सांग म्हटलं तर म्हणाली, "मागितलं की पुणे. तुम्हाला माहीत नाही का?"

"पोटच्या पोरीची परीक्षा थोडीच घेणार आहेत?" मी म्हटलं.

"घेणार. लोक वाट बघतायत."

बघतच होते. दुसऱ्याची पोरं आठ-दहा वर्षं सोलली, आता स्वतःचं काय करतात ते बघायला त्या रविवारी अंगणात वीस-पंचवीस माणसं जमली. शिंदे आले, वहिनीही आल्या. नंदा आठवडाभर माझ्याकडे सराव करत होती. मला सरांच्या जागी बसवायची आणि म्हणायची, बोला काहीतरी. मी काळी म्हणायचे, नकटी म्हणायचे, आणि एकशे चौऱ्याहत्तरला तिच्या गालांवरून घळाघळा पाणी यायचं. मग पुसून हसायची. सकाळी मी कांदा चोळलेला रुमाल देऊ केला तर म्हणाली, "मला लागणार नाही."

तिने पाढा सुरू केला. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी. आवाज स्वच्छ. सर पेन्सिल तासत होते. मी माझ्या अंगणात कुंपणाला धरून उभी. एकशे पंचेचाळीसला तिने श्वास धरला, ते मला कळलं.

एकशे चौऱ्याहत्तरला सर म्हणाले, "आई मरत होती तेव्हा ही पेपर लिहीत होती. सत्त्याण्णव आणलान. तीन मार्क आईपायी घालवलेन, तेवढाच काय तो शोक."

नंदा बापाकडे बघत होती. तिचं तोंड थोडं उघडलं. मी मनात म्हणत होते, रड गं, आता रड, आता नाही तर कधी. तिने दोनदा डोळे मिटले, उघडले. कोरडे. खालचा ओठ दातांत धरून ओढला, तरी कोरडे. तिला रडायचं होतं, तिच्याइतकं त्या अंगणात कुणालाच कधी रडायचं नव्हतं, आणि तिला रडू येईना. मग ती पाढा म्हणायला लागली. एकोणतीस साते दोनशे तीन. दोनशे बत्तीस. दोनशे एकसष्ट. दोनशे नव्वद.

"पुणे," सर म्हणाले. लोक घरी गेले. शिंदेवहिनी जाताना पदराने डोळे पुसत होत्या.

आठ दिवसांनी नंदा वरच्या, पुण्याच्या गाडीने गेली. माझ्या पाया पडली, सरांच्याही पडली. गाडी सुटेपर्यंत सर तिला तिकीट नीट ठेव, ट्रंकेला साखळी लाव, असं सांगत होते. दिवाळीला ती आली नाही. पत्र आलं, परीक्षा आहे म्हणून. पाडव्याच्या दुपारी मी फराळाचं ताट घेऊन शेजारी गेले. सर पडवीत होते. मी ताट ठेवून यायला हवं होतं. पण त्यांनी चकली मोडून बघितली आणि म्हणाले, "मऊ झाल्यात. मिस्टर दिवाळीला येत नाहीत ना? मग कशाला मन लागेल तळणात."

माझा तोल गेला. मी म्हटलं, "सर, तुमच्या परीक्षेचं एक सांगू? गेली दोन-तीन वर्षं पोरं ठरवून रडतायत. माझ्या स्वयंपाकघरात शिकून. अख्ख्या कॉलनीला माहीत आहे, तुम्हाला सोडून."

वाटलं, चेहरा पडेल. ते चकली चावत होते. "माहीत आहे," म्हणाले. "कांद्याचा वास मला पडवीपर्यंत येत असे."

त्यांनी दुसरी चकली उचलली.

"पहिल्या वर्षीच कळलं. म्हटलं, उत्तम. बाई, पोराला तोंडाने विचारलंत तर ते आईबापाचं बोलतं. म्हणून मी तोंडाचं ऐकत नसे. पण आईबापासमोर, एवढ्या लोकांसमोर जे पोर ठरवून रडतं, त्याला मुंबई खरीच हवी असते. नाही रडलं की पुणे हवं. मी ज्याला जे हवं ते देत होतो. नाव माझं, निवड त्यांची."

"आणि बोलायचात ते?"

"ते खरं असायचं," सर म्हणाले. "ते नसतं तर आईबापांनी निकाल मानला नसता." आणि जरा थांबून, "नंदाचंच बघा. मला वाटलं होतं मावशीकडे जाईल. मी मनाची तयारीही केली होती. पण नाही रडली. पुणे हवं होतं तिला."

आज वाटतं, तेव्हा उठून यायला हवं होतं. ताट तिथेच ठेवून, चकल्या मऊ झाल्या म्हणून. पण अकरा वर्षांत पहिल्यांदाच सरांचं दुखरं मला दिसलं होतं, आणि बोट ठेवल्याशिवाय मला राहवलं नाही.

"तिला मुंबई हवी होती," मी म्हटलं. "आठवडाभर माझ्यासमोर रडायचा सराव केला तिने. तुम्ही जे बोललात, त्याने तिचं रडूच गेलं."

सरांनी चकली ताटात ठेवली. मग विचारलं, "सरावाला रडू यायचं?"

"घळाघळा यायचं."

दुसऱ्याच आठवड्यात रजा टाकून ते पुण्याला गेले. पहाटेच्या गाडीने गेले आणि त्याच दिवशी परत आले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात मला गाठलं. नंदा हॉस्टेलच्या फाटकापाशी दहा मिनिटं भेटली होती. मुंबईला बदलून घेऊ का, खटपट करतो, असं त्यांनी विचारलं होतं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मला मुंबई हवी होती असं कोण म्हणतं? मी इथे मजेत आहे." सर माझ्याकडे बघत होते. त्या माणसाचे डोळे मी तसे कधी बघितले नव्हते, मागणाऱ्यासारखे. "बाई, तुम्ही त्या दिवशी रागाच्या भरात खोटं बोललात का? बोलला असाल तर माझा राग नाही."

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. मी "नाही" म्हटलं आणि वर्गावर गेले.

नंदा पुढे पिंपरीला कारखान्यात लागली. पहिल्या पगारापासून बापाला दरमहा मनिऑर्डर करायची, पत्र नाही. तेराव्याला आली होती. सगळ्यांना वाढत होती, चेहरा कोरडा. लोक म्हणाले, सरांनी पोरीचं भलं केलं. तिच्या हुद्द्याकडे बघितलं तर खोटं नाही.

सरांना मी शेवटचं बघितलं ते नंदा पुण्याला गेल्याच्या पुढल्या जूनमध्ये. त्याच महिन्यात माझी बदली झाली आणि मी कॉलनी सोडली. पोफळीचे कदम आपल्या विमलला घेऊन आले होते. ते पॉवर हाउसमध्ये हेल्पर, पिणारे; पगाराच्या दिवशी त्यांना कुठून उचलून आणावं लागतं ते सर्वांना माहीत. फाटकातूनच म्हणाले, "सर, पुन्याला भावाकडं धाडायची म्हंतो हिला. तुमी आपलं रीतीपरमानं बगून घ्या." विमल अंगणात उभी राहिली. नंदा गेल्यावर माझ्याकडची रडायची शिकवणी बंद झाली होती, पण ती कुणाकडून तरी शिकून आली होती. एकशे पंचेचाळीसला तिचा श्वास अडला.

सर काही बोलले नाहीत. पेन्सिल मांडीवर, ब्लेड हातात. विमल जराशी थांबली, पुढे म्हणत गेली. दोनशे बत्तीसला परत थांबली, त्यांच्याकडे बघितलं. सर खाली बघत होते. दोनशे नव्वद झालं.

"छान म्हटलंस," सर म्हणाले.

पोरीचा चेहरा उतरला. ती बापाकडे बघेना. मग एक पाऊल पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "सर, तुम्ही काही बोललाच नाहीत."

"काय बोलू?"

तिने विचार केला. "बाबा दारू पितात ते बोला," ती म्हणाली. "त्यानं मला लगेच रडू येतं."

कदम पायरीवरच उभे होते. सरांनी पेन्सिल आणि ब्लेड खाली ठेवलं. ते उठले, आत गेले आणि आतून कडी लावली. विमल बराच वेळ अंगणात तशीच उभी होती, सर परत बाहेर येतील आणि बोलतील म्हणून.